बावीस दिवसांचा युरोप : आई-बाबांसाठी आखलेला

बाबा 74, आई 70. बाबांना बीपी आणि साखर, आईचा डावा गुडघा कुरकुरतो. सपाटीवर दोघंही दोन-तीन किलोमीटर निवांत चालतात, पण जिना आला की वीसेक पायऱ्यांनी आईला थांबावं लागतं. नकाशा उघडायच्या आधी हे वहीत लिहून काढलं. किती चालणार, किती पायऱ्या चढणार, दर किती वेळाने बाथरूम लागतं आणि जेवायच्या वेळा काय, या चार आकड्यांवर सगळा बेत उभा राहतो. देश कुठले हा त्यानंतरचा प्रश्न.

पहिला निर्णय मुक्कामांचा. 21 रात्री आणि फक्त चार बिछाने : पॅरिस 5, ल्युसर्न 7, फ्लोरेन्स 4, रोम 5. मुक्काम हलवायचा दिवस हा फुकट गेलेलाच दिवस धरायचा. सकाळी अकराला खोली सोडायची, दुपारी तीनला नवी मिळणार, मधे बॅगा आणि गाडी. बारा शहरांचा बेत कागदावर झकास दिसतो. सत्तरीतला माणूस चौथ्या दिवशी बसमध्ये झोपतो आणि फोटोसाठी उठतो.

पॅरिसला उतरायचं आणि रोमहून निघायचं, म्हणजे मागे फिरून विमान पकडायला यावं लागत नाही. तिकीट काढताना 'मल्टी-सिटी' हा पर्याय घ्यायचा. दोन सुटी एकेरी तिकिटं बहुधा महाग पडतात. महिना सप्टेंबर, कारण शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी उतरते आणि डोंगरावरच्या गाड्या पूर्ण वेळापत्रकाने चालू असतात. जुलै-ऑगस्ट मी वृद्धांसाठी सरळ बाद करतो. तिकडे उष्णतेची लाट आली की जुन्या इमारतींतल्या बिन-एसी खोल्या भट्टी होतात.

व्हिसात बरेच जण एकाच जागी अडखळतात. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा अर्ज जिथे सर्वाधिक रात्री, त्या देशाकडे करायचा; रात्री सारख्या असतील तर जिथून प्रवेश, त्या देशाकडे. आमचा सर्वात लांब मुक्काम ल्युसर्नचा, त्यामुळे स्वित्झर्लंडकडे अर्ज करायचा असं सहज वाटतं. पण मोजणी शहराची नाही, देशाची. फ्लोरेन्सच्या चार आणि रोमच्या पाच मिळून इटलीच्या नऊ होतात, तेव्हा अर्ज इटलीकडे. व्हिसा हातात आल्यावर इटलीच्या रात्री रद्द करून दुसरीकडे वळवणं हा शहाणपणा नाही. सीमेवर विचारणा झाली तर उत्तर देता येत नाही.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण 45 पर्यंत लागू शकतात, म्हणून तीन महिने आधीची वेळ धरावी. शुल्क 90 युरो, वर व्हिसा अर्जकेंद्राचं सेवाशुल्क. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. निवृत्तांना नोकरीचं पत्र नसतं, तेव्हा पेन्शनचे कागद, पेन्शन जमा होणाऱ्या खात्याचं स्टेटमेंट, प्राप्तिकर विवरणपत्रं आणि ठेवींच्या पावत्या लावल्या. खर्च मी करणार होतो, म्हणून माझं हमीपत्र, माझं बँक स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा जोडला. इथे एक खोच आहे. आईच्या पासपोर्टवरचं नाव आणि माझ्या जन्मदाखल्यावरचं तिचं नाव जुळलं पाहिजे. नसेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावं. म्हातारपणी बोटांचे ठसे पुसट होतात, यंत्र पुन्हा पुन्हा बोट ठेवायला लावतं; चार-आठ दिवस आधीपासून हाताला क्रीम चोळलं की बरं पडतं. ठसे 59 महिने नोंदीत राहतात, त्यामुळे पाच वर्षांच्या आत पुन्हा जायचं झालं तर बहुधा ही कटकट नसते.

12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्यांऐवजी चेहरा आणि बोटं नोंदवणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पहिल्या प्रवेशाला रांग लांबते. विमानातून उतरायच्या आधीच बाथरूमला जाऊन यायचं, हे मी दोघांना बजावून ठेवलं होतं.

विमा किमान 30,000 युरोचा लागतो, पण एवढ्यावर थांबू नये. आपल्याकडच्या बऱ्याच पॉलिसींत साठीच्या वरच्यांना उपमर्यादा असतात : खोलीभाडं इतकंच, शस्त्रक्रिया इतकीच. पहिल्या पानावरचा मोठा आकडा पाहून आपण खूश होतो आणि खरी कात्री आत असते. 'उपमर्यादा नसलेला प्लॅन' असं स्पष्ट मागावं. बीपी-शुगर लपवू नये. आधीपासूनच्या आजाराला बहुतेक पॉलिसी फक्त जिवावरच्या प्रसंगी पैसे देतात, आणि आजार लपवलेला निघाला तर तेही नाही.

विमानाच्या व्हीलचेअरला तीन प्रकार असतात, आणि तिकिटावर कोणता पडलाय ते पाहावंच. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही पण पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे आसनापर्यंत न्यावं लागतं. एजंट डोळे झाकून पहिला टाकतो. मग विमान लांब उभं राहिलं, बस आली, की शिडी चढावी लागते. आईसाठी दुसरा मागितला. ही मदत मोफत असते, मात्र किमान 48 तास आधी कळवावं लागतं.

आता गाड्या. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनहून स्वित्झर्लंडच्या सीमेवरचं बाझेल सुमारे तीन तास, तिथे गाडी बदलून ल्युसर्न तासाभरावर. फ्रेंच गाडी दुमजली असते आणि आतला जिना अरुंद. आसन निवडताना खालचा मजला घ्यायचा. बाझेलला फलाट बदलायला पादचारी पूल आहे, लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, पण लिफ्ट शोधण्यात पाच मिनिटं जातात. संकेतस्थळ आठ-दहा मिनिटांची जोडणी आनंदाने दाखवतं. मी अर्ध्या तासाच्या खालची घेत नाही. डब्याला दोन-तीन पायऱ्या असतात आणि हमाल नसतात, म्हणून माणशी एकच 24 इंची बॅग, पंधरा किलोच्या आत. बॅग घरी भरून जिन्याच्या तीन पायऱ्या स्वतः चढवून पाहायची. चढवता आली नाही तर सामान कमी करायचं.

ल्युसर्नहून मिलान सव्वातीन तासांच्या आसपास, तिथून फ्लोरेन्स दोन तास, पुढे रोम दीड तास. मिलानच्या मोठ्या स्टेशनवर फलाट क्रमांक गाडी सुटायच्या थोडं आधीच लागतो आणि मग पळापळ होते. इटलीच्या मोठ्या स्टेशनांवर 'साला ब्लू' नावाची मदतसेवा आहे; आधी कळवलं की व्हीलचेअर आणि उचलणारा लिफ्ट-मंच डब्यापाशी येतो.

स्वित्झर्लंडात आठ दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास घेतला, म्हणजे गाडी, बस, बोट सगळ्यांना एकच तिकीट. तो तारखांवर चालतो, चोवीस तासांवर नाही. सात रात्री म्हणजे बरोबर आठ तारखा. शेवटच्या दिवशी सीमेपर्यंतचा भाग त्यात बसतो, पुढचं तिकीट आणि आसन वेगळं घ्यावं लागतं. नुसता हिशेब केला तर अर्ध्या भाड्याचं कार्ड स्वस्त पडू शकतं, पण पासचा फायदा वेगळा आहे : पाय दुखले की समोरच्या बसमध्ये चढायचं, यंत्रापाशी तिकिटासाठी उभं राहायचं नाही.

युंगफ्राउयोख हे बर्फातलं प्रसिद्ध उंच ठिकाण मी वगळलं. 3,454 मीटर, आणि गाडी-रोपवे माणसाला फार झटकन वर नेऊन सोडतात. बीपीवाल्याला चक्कर, धाप. डॉक्टरांनी हो म्हटलं तर जरूर जावं. आमची निवड ल्युसर्नजवळचा रिगी डोंगर, 1,798 मीटर, तीही पासमध्ये. ल्युसर्न स्टेशनासमोरचा रस्ता ओलांडला की बोटीचा धक्का. बोटीने तलावाकाठच्या फित्स्नाउ गावाला सुमारे तासभर, धक्क्याला लागूनच दातेरी रुळांची गाडी, उटीच्या गाडीच्या जातीची. 1871 पासून इथे चालते. अर्ध्या तासात रिगी कुल्म, हे वरचं शेवटचं स्टेशन. स्टेशनावरून माथ्यापर्यंत थोडा चढ आहे, तो टाळून खाली बाकावर बसलं तरी तलाव आणि हिमशिखरं दिसतात. परतीला बहुतेक जण वाटेतल्या काल्टबाड स्टेशनहून तलावाकाठच्या वेगिस गावाचा रोपवे सुचवतात. तो घेऊ नये, कारण रोपवेचं स्टेशन गावाच्या वरच्या अंगाला आहे आणि धक्क्यापर्यंत दहा-पंधरा मिनिटं सलग उतार. दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार वाईट. आल्या वाटेने फित्स्नाउलाच उतरावं.

हॉटेलच्या पानावर 'लिफ्ट आहे' एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येकाला तीन प्रश्न लिहून विचारले : रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत किती पायऱ्या? लिफ्टमध्ये दोन माणसं आणि एक बॅग मावते का? न्हाणीत टब आहे की सपाट शॉवर? पॅरिसच्या एका हॉटेलचं प्रामाणिक उत्तर आलं : लिफ्टच्या आधी अकरा पायऱ्या. टबची उंच कड ओलांडणं हा ओल्या पायांनी करायचा प्रकार नव्हे, तेव्हा सपाट शॉवरसाठी थोडे जास्त मोजले.

पॅरिसमध्ये मेट्रोच्या नादी न लागता बस. मेट्रोत संपूर्ण विनापायऱ्यांची अशी मार्गिका 14 च. संग्रहालयांच्या सुट्ट्या पाहाव्यात : पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद, फ्लोरेन्सचं उफ्फिझी सोमवारी, रोममधली व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा सोडून बाकी रविवारी. लूव्र आणि व्हॅटिकनमध्ये व्हीलचेअर मोफत मिळते. फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट 463 पायऱ्यांचा, लिफ्ट नाही. खालून पाहिला तरी चालतो. इटलीत 'बार' म्हणजे कॉफीचं दुकान. एक कॉफी घेतली की बाथरूम मिळतं.

खाण्याचं सामान नेताना तूप, पेढे, पनीर, मांस असलं काही नको, सीमेवर काढून घेतात. मे महिन्यात जाणाऱ्यांनी आंबेही ठेवून जावं. भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, कोरडा मसाला चालतो. ल्युसर्नला स्वयंपाकघरवाली खोली घेतली होती. कुकर नेणार असाल तर इंडक्शनच्या तळाचा न्या, आणि फोडणी देताना खिडकी उघडा, धुराचा अलार्म मोहरीलासुद्धा ओरडतो. तिथे रविवारी दुकानं बहुतेक बंद, स्टेशनातली मात्र उघडी.

औषधं 30 दिवसांची आणि सगळी केबिन बॅगेत. इन्सुलिन कधीच सामानाच्या कप्प्यात नाही, तिथे ते गोठू शकतं. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव इंग्रजीत लिहून घेतलं. सप्टेंबरात तिकडचं घड्याळ साडेतीन तास मागे असतं, तेव्हा पहिल्या दिवशीचा इन्सुलिनचा डोस कधी, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणलं. ती चिठ्ठी, विमा क्रमांक, त्या रात्रीच्या हॉटेलचा पत्ता आणि 112 हा आणीबाणीचा नंबर, एवढं एका कार्डावर उतरवून बाबांच्या शर्टाच्या खिशात. मुक्काम बदलला की पत्त्याचं कार्डही बदलायचं, हे काम आईकडे.