ब्युरोच्या फॉर्मवर दादाच्या सहीला जागा नव्हती

“पेशंट शुद्धीत असतात का?” ब्युरोच्या मालकांनी मला हे विचारलं तेव्हा पेशंट, म्हणजे माझा दादा, खाली रस्त्यावर, रसवंतीच्या सावलीत व्हीलचेअरवर बसून ऑफिसच्या कॉलवर कुणाला तरी झापत होता. त्याला वर येणं शक्य नव्हतं. अंथरुणाला, खुर्चीला खिळलेल्या लोकांसाठी माणसं पुरवणारं हे ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. एकोणीस पायऱ्या. त्या दोन महिन्यांत इतक्यांदा चढले की आकडा पाठ झालाय.

फॉर्म दोन पानी होता. पेशंटचं वजन, डायपर आहे की नाही, “त्रासदायक स्वभाव: होय/नाही”. शेवटी सही नातेवाइकाची. मी म्हटलं, ते खाली आहेत, फॉर्म नेऊन त्यांना विचारून भरते. मालक म्हणाले, “कशाला मॅडम, तुम्हीच भरा ना.” आणि घाईत होते म्हणून मी भरला. तिथेच चुकले.

थोडं मागचं सांगते. दादा 2021 मध्ये बाइकवरून पडला. मानेतल्या मज्जारज्जूला इजा, सी-5/सी-6, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी. खांदे आणि दंड चालतात, मनगट थोडं वर येतं, बोटं नाहीत, छातीखाली काही कळत नाही. सुरुवातीची वर्षं आई आणि मी मिळून केलं: रात्री दर दोन तासांनी कूस बदलणं, सकाळचा संडासाचा दीड तास, अंघोळ, कपडे, खुर्चीत बसवणं. मग आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि माणूस लागणार हे उघड झालं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) हे सगळं आधीच झालेलं होतं आणि त्यात काहीच अडलं नव्हतं, म्हणून त्यावर लिहायलाही काही नाही.

ब्युरोचा दर बारा तासांचे दिवसाला 900, डिपॉझिट 10,000. महिन्याचे 27,000, वर्षाचे सव्वातीन लाख. दादा स्वतः कर भरतो, जुन्या करप्रणालीत गंभीर अपंगत्वासाठी त्याला 1,25,000 ची वजावट मिळते. बाकीचा हिशोब तुम्हीच करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी कलम 38 आहे, कलम 24 मध्ये मदतनिसाच्या भत्त्याचाही उल्लेख आहे. हे सगळं मी ब्युरोच्या बाकड्यावर बसून मोबाइलवर वाचलं. आमच्या घरात त्यातला रुपया आलेला नाही.

पहिला माणूस दुसऱ्या दिवशी आलाच नाही. दुसऱ्याने दादाला खुर्चीत घेताना काखेत हात घालून ओढलं, खांदा आठवडाभर दुखत होता. तो खांदा म्हणजे दादाचे हात-पाय सगळं तेच. (हे आधी सांगायला हवं होतं: माणूस ठेवण्याआधी त्याला एकदा तुमच्यासमोर बेडवरून खुर्चीत घ्यायला लावा. आणि नखं बघा. संडास बोटाने काढावा लागतो, तेव्हा वाढलेलं नख आतून कापतं आणि आमच्या माणसाला ते कळतसुद्धा नाही.)

तिसरा माणूस दिसायला चांगला होता. युनिफॉर्म, गळ्यात ओळखपत्र, बोलणं नम्र. आल्यापासून नवव्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, दादाचं डोकं ठणकायला लागलं. चेहरा लाल, कपाळावर घाम, दंडावर काटा. ज्यांच्या घरी मानेची इजा आहे त्यांना आता पुढचं माहीत असेल. छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर इजा असेल तर खाली काही बिनसल्याचं मेंदूला नीट कळत नाही, आणि बीपी उसळतं. बहुतेक वेळा कारण फालतू असतं: तुंबलेली लघवी, लघवीच्या नळीला पडलेली मुरड, घट्ट पट्टा. पण वेळीच दूर केलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. करायचं काय, तर आधी उठवून ताठ बसवायचं, कपडे सैल करायचे, नळी बघायची. आडवं करायचं नाही.

त्याने आडवं केलं. “पडा सर, आराम वाटेल,” म्हणून पलंगाची पाठ खाली घेतली आणि कपाळाला बाम चोळायला लागला.

दादा सांगतोय, मला उठव, नळी बघ. तो म्हणतो, थांबा, विचारतो. त्याने ब्युरोला फोन लावला. ब्युरोने सांगितलं, मॅडमना विचार. त्याने मला लावला, मी मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. समोरचा माणूस काय करायचं ते शब्दाशब्दांत सांगत होता आणि हा तिघांना विचारत फिरत होता. शेवटी दादाची आरडाओरड ऐकून शेजारच्या काकू आल्या. त्यांनी पलंगाची पाठ वर केली, पांघरूण काढलं. युरोबॅगची, म्हणजे लघवीच्या पिशवीची, नळी मांडीखाली दबली होती. सोडल्याबरोबर पिशवी भरत गेली. काकूंनी बीपी घेतलं तोवर ते उतरायला लागलं होतं, तरी 180 होतं. दादाचं एरवी 95 असतं.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आधी घरी, मग थेट ब्युरोत. एकोणीस पायऱ्या. मालक शांत. “मॅडम, माणूस ट्रेंड आहे आमचा. उद्या पेशंटचं ऐकून त्याने काही केलं आणि काही झालं, तर जबाबदारी कुणाची?” मी म्हटलं, पेशंटचं न ऐकून झालं ना आज! ते म्हणाले, रिप्लेसमेंट देतो. रिप्लेसमेंट हा त्यांचा लाडका शब्द. पंखा बदलून द्यावा तसा.

दोन दिवसांनी चौथा आला. त्याला दादाने पहिल्याच सकाळी परत पाठवला, कारण तो दादासमोर मला विचारत होता, “हे चहा घेतात का?”

नंतरचं तसं सोपं झालं. दादा पुनर्वसनासाठी जिथे राहिला होता तिथल्या फिजिओला फोन केला, तिने एका वॉर्डबॉयच्या भाच्याचं नाव सुचवलं. जालन्याकडचा, बाजार समितीत हमाली केलेला. कोर्स वगैरे काही नाही. यावेळी मी स्वयंपाकघरात बसले, मुलाखत दादाने घेतली. त्याने विचारलं, माझं डोकं अचानक दुखायला लागलं तर काय करशील? तो म्हणाला, “मला नाही माहीत. तुमीच सांगा, तसं करतो.” दादाने तिथल्या तिथे हो म्हटलं. मला भीती वाटली होती, कबूल करते.

दोन दिवस पगारी शिकवणी ठेवली, तेव्हा आई काठी धरून उभी राहून सांगायची. कामाचा कागद भिंतीवर आहे, मोठ्या अक्षरात, डोकेदुखीचं सगळ्यात वर आणि लाल पेनने. करारावर अंगठा दादाचा आहे. पगारही तोच करतो, बोटाच्या पेराने फोन दाबत यूपीआयने. याला वेळ लागतो, कधी कधी पिन चुकतो, पण मी मध्ये पडत नाही. रविवारची सुट्टी पक्की, त्या दिवशी मी. रात्रीची कूस मीच बदलते. चोवीस तासांचा एक माणूस ठेवून त्याच्याकडून रात्रभर दर दोन तासांनी कूस बदलून घ्यायची तर तो झोपणार कधी? आणि पोलिस पडताळणी करून घ्या, ओळखीतला असला तरी. आम्ही महिनाभर उशिरा केली.

डिपॉझिटसाठी आणखी पाच फेऱ्या झाल्या. युनिफॉर्मचे म्हणून 1,200 कापले. शेवटच्या वेळी दादा म्हणाला, तू वर जाऊ नकोस, त्यांना खाली बोलाव, पेशंट भेटायला आलाय म्हण. वीस मिनिटांनी मालक उतरले. चेक माझ्यापुढे धरला. मी हात मागे घेतले, तेव्हा त्यांनी तो दादाच्या मांडीवर ठेवला.

चेकवर नाव माझंच होतं.