कॅप्सिड कुठं फुटतं

आज वर्गात तोंडघशी पडलो.

बारा वर्षं एचआयव्ही शिकवतोय. नोट्स त्याच, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यात एक वाक्य आहे : विषाणू पेशीत शिरला की कॅप्सिड, म्हणजे त्याचं आतलं प्रथिनांचं कवच, लगेच फुटतं आणि आरएनए मोकळा होतो. मागच्या बाकावरची खानापूरकडची मुलगी उठली. ‘‘सर, फुटतंय म्हणताय, खरं मग आतलं सगळं पेशीला दिसतंय की! पेशी गप्प कशी बसती?’’

‘बघून सांगतो’ म्हणालो. टिळकवाडीत दुसरं गेट पडलेलं, रेल्वे येईपर्यंत तेच डोक्यात. पेशीत परका डीएनए ओळखून बोंब मारणारी प्रथिनं असतात, हेही मीच शिकवलंय. दोन गोष्टी एकाच महिन्यात शिकवल्या आणि शेजारी ठेवून कधी पाहिल्या नाहीत.

घरी आलो तर आई आणि काकू करंज्यांना बसलेल्या. परवा गणपती. मला सारण भरायला बसवलं. काकूच्या हातातलं कातण बघता बघता निम्मा धडा डोळ्यांसमोर आला.

पेशीत नवा विषाणू घडतो तो गॅगपासून. गॅग हे विषाणूचं एकच लांबलचक प्रथिन. त्याचं मॅट्रिक्सचं टोक पेशीच्या आवरणाला आतून चिकटतं, न्यूक्लिओकॅप्सिडचा भाग आरएनए धरून ठेवतो. अशी अडीच हजारांच्या आसपास गॅग शेजारी शेजारी लागली की आवरणाला बाहेर फुगवटा येतो. पेशीत नुसतं गॅग घातलं तरी रिकामे कण तयार होऊन बाहेर पडतात, इतकं ते स्वयंपूर्ण. पण शेवटी त्या फुगवट्याची मान कापायची तर कातण विषाणूकडे नाही. ते पेशीचंच. पेशी दुभंगताना शेवटचा धागा ज्या एस्कॉर्ट यंत्रणेनं तोडते, तीच इथं राबवली जाते. गॅगच्या शेपटाला, पी६ मध्ये, प्रोलिन-थ्रिओनिन-अॅलानिन-प्रोलिन असे अमिनो आम्लांचे चार दुवे आहेत. ते पेशीतल्या टीएसजी१०१ ला, एस्कॉर्टच्याच एका प्रथिनाला, हाक मारतात. हे २००१ मध्ये कळलं. हे चार दुवे बिघडवले तर बहुतेक कण देठाला लोंबकळत पेशीलाच चिकटून राहतात.

करंजी कातली की काम संपलं, नुसती तळायची. इथं मात्र खरं काम तुटल्यावरच. प्रोटिएज हे विषाणूचं विकर गॅगचे तुकडे करतं. मॅट्रिक्स आवरणाशी राहतं, कॅप्सिडचे दीडेक हजार रेणू सुटून नव्यानं जुळतात आणि शंकू बनतो. सहा-सहा रेणूंची अडीचशेच्या आसपास षटकं आणि पाच-पाचांची पंचकं बरोबर १२. फुटबॉलवरही काळे पंचकोन १२ च असतात, हे सांगितलं की पोरं जागी होतात. हे तुकडे झाले नाहीत तर विषाणू बाहेर पडतो खरा, पण कुणाला लागण करू शकत नाही.

आता माझी चूक. २०२० नंतरच्या कामात दिसलं ते असं : शंकू बहुधा अख्खाच केंद्रकापर्यंत जातो. आरएनएचा डीएनए त्या बंद शंकूतच बनू लागतो, कच्चा माल त्याच्या बारीक छिद्रांतून आत येतो. शंकूची रुंद बाजू ६० नॅनोमीटरच्या आसपास, जिवंत पेशीतलं केंद्रकाचं छिद्रही साधारण तेवढंच. आत गेल्यावर सीपीएसएफ६ नावाचं पेशीचंच प्रथिन त्याला खोलवर नेतं आणि मग तो फुटतो. म्हणून पेशी गप्प बसते. पोरीचं बरोबर होतं. शंकू फार ढिला झाला तरी लागण बिघडते, फार घट्ट झाला तरी बिघडते. (महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्याचा दाखला देण्याचा मोह झाला होता. पण आमच्याकडे सीमा म्हटलं की तास संपतो.)

‘रचनात्मक प्रथिनं’ हा शब्दच फसवा. ऐकून विटा-सिमेंट वाटतं. मीही ती यादी दहा मिनिटांत उरकत आलो. सगळा वेळ रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजला, म्हणजे आरएनएचा डीएनए करणाऱ्या विकराला. आणि लेनाकॅपाविर हे औषध नेमकं या कॅप्सिडलाच धरतं, आत शिरतानाही आणि नवा कण घडतानाही. अमेरिकेत २०२२ मध्ये उपचारासाठी, २०२५ मध्ये प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली. वर्षाला दोनदा इंजेक्शन. ओळखीतले एकजण गोळ्या आणायला मुद्दाम दुसऱ्या तालुक्याला जातात, कुणी बघू नये म्हणून. वर्षाला दोनच फेऱ्या म्हणजे त्यांच्यासाठी काय, ते मला बरोबर कळतं.

जेवल्यावर ‘फुटतं’च्या पुढे लाल पेनानं ‘केंद्रकात’ लिहिलं. पानावर तुपाचं बोट उमटलं. वर्गाच्या ग्रुपवर फोटो टाकला.

मुलीचा लगेच मेसेज : ‘‘सर, जुन्याच्या झेरॉक्स काल वाटून झाल्या की.’’