ग्रेट डेन घेण्याआधी जिना बघा

‘टू बीएचकेत ग्रेट डेनसारखा भलामोठा कुत्रा राहील का?’ हे सगळेच विचारतात. राहतो की! मोठा झालेला डेन घरात दिवसाचा बराच वेळ नुसता लोळत असतो. एखादा लहानसा बीगल कुत्रा त्याच्यापेक्षा जास्त घर डोक्यावर घेईल. खरी अडचण जागेची नाही, वजनाची आहे.

पूर्ण वाढलेला नर 65 ते 75 किलोंचा, मादी 50 ते 60. असा कुत्रा आजारी पडून जागचा हलेना, लिफ्ट बंद आणि घर तिसऱ्या मजल्यावर, तर? कडेवर घेता येत नाही. जाड सतरंजीची अर्धी घडी त्याच्या पाठीला लावायची, त्याला किंचित कलतं करून ती अंगाखाली सरकवायची आणि चार कोपरे चौघांनी धरायचे. उतरताना उंच माणसं खालच्या बाजूला, म्हणजे सतरंजी आडवी राहते. रात्री दोन वाजता बेल वाजवली तर येतील असे तीन शेजारी आहेत का, ते आधी मोजा.

रात्री दोनचा प्रसंग उगाच काढलेला नाही. पोटाला पीळ पडण्याचा धोका या जातीत फार मोठा. जठरात गॅस भरतो, जठर स्वतःभोवती फिरतं, दोन्ही तोंडं बंद होतात आणि रक्तपुरवठा तुटतो. कुत्रा येरझाऱ्या घालतो, ओकारीचे उमाळे येतात पण पडतो तो नुसता फेस, पोट ढोलकीसारखं ताणतं. अशा वेळी ओवा, सोडा देत बसू नका. काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर कुत्रा जातो. म्हणून पिल्लू बघायच्या आधी जवळच्या दोन दवाखान्यांत विचारा: रात्री एक्स-रे आणि ऑपरेशन होतं का? ‘सकाळी या’ म्हणणारा दवाखाना इथे उपयोगाचा नाही. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाचून घेता येतं. त्याला गॅस्ट्रोपेक्सी म्हणतात. ती करून घ्याच. जेवण दोन-तीनदा विभागून द्यायचं, त्यानंतर तासभर धावपळ नाही. भांडं उंच स्टँडवर ठेवायचा सल्ला अजून ऐकू येतो, पण अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात त्याने धोका वाढलेलाच दिसला.

पिल्लू आणलं की आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे कॅल्शियमचं सिरप. ‘हाडं मोठी आहेत, लागणारच.’ उलट आहे. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही. ते शरीरात जातं आणि हाडांची वाढ बिघडते, पाय वाकडे होतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं खाणं घ्या, पाकिटावर कॅल्शियम 1 ते 1.5 टक्क्याच्या आसपास आहे ना ते बघा, आणि वरून काही देऊ नका. पिल्लू गुबगुबीतही नको: बरगड्या दिसायला नकोत, पण हाताला लागायला हव्यात. वाढ दीड-दोन वर्षं चालते. तोवर गुळगुळीत फरशीवर रबरी मॅट टाका, घसरून घसरून सांधे खराब होतात.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. मोठ्या डेनला कोरडं खाणं रोज साधारण 650 ते 700 ग्रॅम, म्हणजे महिन्याला 20 किलो. जंताच्या आणि गोचिडांच्या गोळ्या वजनावर असतात, भूल आणि सलाइनसुद्धा. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, पण म्हणून लिफ्टमधले चेहरे बदलत नाहीत. खांद्याची उंची जवळपास जेवणाच्या टेबलाइतकी, त्यामुळे ओट्यावरचे बेदाण्याचे लाडू त्याच्या तोंडाजवळ. बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, तेव्हा डबा वरच्या फळीवर.

आयुष्य सात ते दहा वर्षांचं. मागचे पाय बहुतेक शेवटच्या वर्षा-दोन वर्षांत कमजोर होतात. मुलगी आत्ता पाचवीत असेल, तर तिची बारावी आणि डेनला मागून पट्ट्याने उचलून जिना उतरवायचे दिवस बरोबर एकाच वर्षी येतात.