हेप्टनस्टॉलचं अष्टकोनी चॅपल: कसं जावं, काय बघावं

इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात पेनाइन डोंगरांच्या कडेला हेप्टनस्टॉल नावाचं जुनं विणकरांचं गाव आहे. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचं तिथलं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, 1764 मध्ये उभं राहिलं, आणि तेही आठ कोनांचं. हे 'सगळ्यांत जुनं' आहे का, या वादात पडू नये. मेथडिस्टांची सगळ्यांत जुनी इमारत ब्रिस्टलची 'न्यू रूम', 1739 ची. अष्टकोनी चॅपलांत यार्म गावचं 1763 चं चॅपल वर्षभराने थोरलं. पण डोंगरावरच्या एका खेड्यात, पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या हयातीत बांधलेलं आणि नंतर गरजेप्रमाणे ताणून लांब केलेलं चॅपल बघायचं, तर हेप्टनस्टॉलच गाठावं.

खालचं गाव हेब्डन ब्रिज. मँचेस्टर व्हिक्टोरिया आणि लीड्स यांच्यामधल्या रेल्वेमार्गावर ते स्टेशन आहे. मँचेस्टरहून साधारण पाऊण तास लागतो, लीड्सहून थोडा जास्त. स्टेशनातून बाहेर पडून बागेतून, कालव्यावरून चालत दहा-पंधरा मिनिटांत गावाच्या मधोमध पोचता येतं. तिथून 1510 च्या सुमारास बांधलेला दगडी पूल ओलांडला की समोर 'बट्रेस' नावाची फरसबंद चढण सुरू होते. लादलेली तट्टं याच वाटेने डोंगर चढायची. हेब्डन ब्रिज आणि हेप्टनस्टॉल यांच्या उंचीत दीडशे मीटरच्या आसपास फरक आहे आणि अंतर मात्र फार तर दीड किलोमीटर, म्हणजे चढ किती अंगावर येतो ते कळेल. सवय असेल तर अर्धा तास पुरतो, नसेल तर पाऊण तास धरावा.

ही फरसबंदी शेकडो वर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेली आहे, आणि झाडांच्या सावलीत तिच्यावर शेवाळ धरतं. पाऊस पडून गेला असेल तर चढताना फारसा त्रास होत नाही, पण उतरताना पाय हमखास घसरतो. म्हणून चढताना बट्रेस आणि उतरताना मोटारीचा रस्ता किंवा गावची छोटी बस, असा बेत ठरवावा. खोल खाचांचा रबरी तळ असलेले बूट हवेत. चपला किंवा गुळगुळीत तळाचे ऑफिसचे बूट घालून येऊ नये.

मोटार घेऊन येणाऱ्यांची फजिती वेगळ्याच ठिकाणी होते. हेब्डन ब्रिजच्या मध्यातून टॉडमॉर्डनच्या दिशेने ए646 रस्त्याने निघालं, की उजवीकडे वर जाणारा हेप्टनस्टॉल रोड दिसतो. पण ते वळण इतकं उलटं आहे की त्या बाजूने वळताच येत नाही. सरळ पुढे जायचं, गाड्या फिरवण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या वर्तुळाकार जागेत वळायचं, परत यायचं आणि मग डावीकडे चढायचं. नकाशाच्या ॲपने काहीही सांगितलं तरी रस्त्यावरची पाटी मानावी. वर गेल्यावरही गावाच्या मुख्य गल्लीत गाडी घालू नये. ती फरसबंद आणि अरुंद आहे, समोरून दुसरी गाडी आली की मागे सरकायलाही जागा नसते.

चॅपल नॉर्थगेट या रस्त्याला लागून, उताराच्या बाजूला आहे. रस्त्यावरून आधी छपरच नजरेत येतं. आत जायची घाई करू नका, आधी बाहेरून एक चक्कर मारा. भिंतींना मिलस्टोन ग्रिट लावला आहे. हा इथला रवाळ वालुकाश्म, जात्याच्या तळ्या घडवायला वापरला जाणारा. कारखान्यांच्या काळातल्या धुराने इथले जुने दगड काळपट पडले आहेत. मग बाजू मोजा. बाजू आठ भरतात, पण सारख्या नाहीत. समोरासमोरच्या दोन लांब आहेत, बाकीच्या आखूड. लांब बाजू आणि आखूड बाजू पावलांनी मोजून बघितलीत, तर या इमारतीचा निम्मा इतिहास पायाखाली येतो.

1764 मध्ये आठही बाजू सारख्या होत्या. हा आकार वेस्लीला आवडला त्यामागे नॉर्विचचं अष्टकोनी चॅपल आहे. ते दुसऱ्याच पंथाचं, 1756 मध्ये पुरं झालेलं. पुढच्याच वर्षी वेस्लीने ते पाहिलं. नंतर मेथडिस्टांच्या नियमांत जागा असेल तिथे अष्टकोनी सभागृहच बांधावं, असं लिहिलं गेलं. मुख्य कारण आवाजाचं. लांबट चर्चमध्ये शेवटच्या बाकावर उपदेश पोचत नाही. अष्टकोनात, वर गॅलरी काढली तर, कोणीच वक्त्यापासून फार दूर राहत नाही. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात आणि उपदेश हेच मुख्य काम असलेल्या पंथात हा मुद्दा मोठा होता.

खर्चाचा हिशेबही आहे. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या चौकोनी खोलीपेक्षा अष्टकोनाला भिंतीची लांबी सुमारे 9 टक्के कमी लागते. मात्र वाचलेला दगड कोपऱ्यांत आणि छपरात वसूल होतो. प्रत्येक कोपरा 135 अंशांचा, म्हणजे कोपऱ्याचा प्रत्येक दगड मुद्दाम घडवावा लागतो. छपराला तर आढंच, म्हणजे माथ्यावरचं आडवं लाकूडच, नसतं. कोपऱ्यांतून वर चढणारे आठ तिरपे वासे, म्हणजे कोनवासे, एका बिंदूत येऊन मिळतात, आणि ते खालून भिंतींना बाहेर ढकलू बघतात. हा जोर नीट बांधून घेतला नाही तर भिंती हळूहळू फाकतात. साधी दोन पाख्यांची घरं बांधणाऱ्या सुतारांना असं काम कुठून येणार! गावात पूर्वापार सांगतात ते असं: रॉदरहॅमला 1761 मध्ये अष्टकोनी चॅपल झालं होतं. तिथल्याच कारागिरांकडून हेप्टनस्टॉलच्या छपराचा सांगाडा करून घेतला, त्याचे सुटे भाग तट्टांवर लादून डोंगरापलीकडून आणले आणि इथे जुळवले. रॉदरहॅम इथून सरळ रेषेतही पन्नास-साठ किलोमीटर आहे. बट्रेस चढून आलात तर त्या वाटेवरून लाकूड वाहून आणणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. छप्पर चढण्याआधीच, 1764 च्या उन्हाळ्यात, नुसत्या उभ्या भिंतींच्या आत वेस्लीने उपदेश केला.

या जागेची उपासक मंडळी मात्र इमारतीहून जुनी. 1740 च्या दशकात विल्यम डार्नी नावाचा स्कॉटिश फेरीवाला या डोंगरांत उपदेश करत हिंडायचा आणि गावोगाव छोटे गट जमवायचा. ते गट पुढे हॉवर्थच्या चर्चचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, विल्यम ग्रिमशॉ याने सांभाळले आणि वेस्लीच्या चळवळीशी जोडून दिले. ग्रिमशॉ 1763 मध्ये गेला, चॅपल उभं राहिलेलं त्याला दिसलं नाही.

आतलं बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: हे चॅपल 'चर्च' म्हणून बांधलेलंच नव्हतं. वेस्ली मरेपर्यंत, म्हणजे 1791 पर्यंत, इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा पाळक होता. अशा इमारतीला तो 'उपदेशाचं घर' म्हणायचा. प्रभुभोजनासाठी, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारसाच्या विधीसाठी, लोकांनी पॅरिश चर्चमध्येच, म्हणजे गावच्या अधिकृत चर्चमध्येच जावं, ही त्याची अपेक्षा. मेथडिस्ट चॅपलांत प्रभुभोजन द्यायला रीतसर वाट मोकळी झाली ती 1795 च्या तडजोडीनंतर. म्हणून इथे वेदीची लांबलचक जागा शोधू नका. सगळी रचना बोलणाऱ्याकडे तोंड करून आहे. गॅलरीत जायला परवानगी मिळाली तर वर जाऊन बसा आणि सोबत्याला खाली साध्या आवाजात बोलायला सांगा. अष्टकोनाचा मुद्दा दोन मिनिटांत पटतो. बाकं आणि लाकूडकाम बघताना सगळंच 1764 चं समजू नका. अडीचशे वर्षं वापरातल्या इमारतीत सामान बदलत आलेलं असतं.

1802 मध्ये जागा पुरेनाशी झाली. हातमागाचा धंदा तेव्हा जोरात होता, आणि मंडळीबरोबर संडे स्कूलची मुलंही वाढत होती. मग एका टोकाचा भाग उतरवून बाहेर सरकवला आणि मधल्या बाजूच्या भिंती लांबवल्या. त्यामुळे छपराचं गणितही बदललं: आठ कोनवासे एका बिंदूत मिळण्याऐवजी मधे आढं घालावं लागतं. आधी पावलांनी मोजलेल्या त्या दोन लांब बाजू इथून आल्या.

पुढच्या शंभर वर्षांत वाढत्या शहरांतल्या मेथडिस्टांनी आपली अष्टकोनं पाडून मोठी चौकोनी चॅपलं बांधली. हेप्टनस्टॉलवर ती वेळ आली नाही, कारण गाव वाढायचंच थांबलं. पाण्यावर आणि मग वाफेवर चालणाऱ्या गिरण्या खाली दरीत गेल्या, 1804 मध्ये रॉचडेल कालवा पुरा झाला, 1840-41 मध्ये रेल्वे आली, आणि माणसं व पैसा हेब्डन ब्रिजला उतरला. वर राहिली विणकरांची घरं आणि हे चॅपल. इमारत वाचली ती जपणुकीच्या धोरणामुळे नव्हे, धंदा गेल्यामुळे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अशा इमारतीची दुखणी कुठे असतात, तेही बाहेरूनच दिसतं. छपरावर दगडी पाट्या, म्हणजे वजन प्रचंड. दोन पाखी जिथे कोनवाशावर मिळतात तिथलं झाकण फुटलं की पाणी आत शिरतं. पन्हळी प्रत्येक कोपऱ्यात वळवाव्या लागतात, आणि पानांनी तुंबतात त्या नेमक्या वळणावर. या भागातल्या जुन्या भिंतींतल्या दगडांमधल्या सांधी पुष्कळदा सिमेंटने भरलेल्या दिसतात. चुन्याने भरलेली सांध भिंतीतली ओल बाहेर जाऊ देते, सिमेंट ती अडवतं. मग ओल दगडातून वाट काढते आणि थंडीत गोठून दगडाचा पापुद्रा सुटतो. अशी पोपडे सुटलेली जागा दिसली तर बोट लावून खरवडू नका.

दार उघडं मिळेल असं गृहीत धरून येऊ नका. ब्रिटिश मेथडिस्टांत पाळक एका चॅपलचा नसतो, आसपासच्या अनेक चॅपलांच्या 'सर्किट'चा असतो, आणि किल्ली गावातल्या कोणाकडे तरी असते. निघण्याआधी आठवडाभर सर्किटच्या कार्यालयाला लिहून वेळ ठरवून घ्यावी. दुसरा मार्ग सप्टेंबरमधले 'हेरिटेज ओपन डेज'. त्या दिवसांत एरवी बंद असलेल्या जुन्या इमारती देशभर विनाशुल्क उघडतात, यादी आधी तपासावी. उपासना चालू असेल तर फोटो काढू नयेत. मुंबईचं बोवेन मेमोरियल किंवा महाराष्ट्रातली इतर मेथडिस्ट चर्चं ज्यांच्या ओळखीची आहेत, त्यांना इथे बिशप नसल्याचं नवल वाटेल. आपल्याकडे हा पंथ 1870 च्या दशकात विल्यम टेलरसारख्या अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर वाढला, आणि अमेरिकन शाखेत बिशप असतात. वेस्लीच्या मायदेशी नसतात.

चॅपलपासून पाच मिनिटांवर एकाच आवारात दोन पॅरिश चर्चं आहेत. तेराव्या शतकातलं जुनं 1847 च्या वादळात खिळखिळं झालं, शेजारी नवं बांधलं, आणि जुन्याचं छप्पर नसलेलं शरीर तसंच ठेवलं. याच जुन्या चर्चला वेस्लीने आपल्या माहितीतलं सर्वांत कुरूप चर्च म्हटलं होतं, आज त्याचेच फोटो सर्वाधिक निघतात. आवारात थडग्यांचे दगड जमिनीवर आडवे, एकाला एक लागून आहेत. त्यांवरूनच चालावं लागतं आणि ओले असले की तेही बट्रेसइतकेच निसरडे. नाण्यांच्या कडा कातरून सोनं काढणाऱ्या टोळीचा म्होरक्या डेव्हिड हार्टली, 1770 मध्ये फाशी गेलेला, इथेच पुरला आहे. लोक त्याच्या दगडावर सुटे पेन्स ठेवतात. अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथची कबर पलीकडच्या नव्या दफनभूमीत आहे. जुन्या ग्रामर स्कूलच्या इमारतीत छोटं संग्रहालय आहे, ते हंगामापुरतंच उघडतं.

सगळं मिळून अर्धा दिवस पुरतो. डिसेंबरमध्ये पावणेचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा दुपारी एकच्या आत वर असावं. जोराच्या पावसाचा इशारा असेल तर बेत पुढे ढकलावा: 2015 च्या नाताळात हेब्डन ब्रिज पाण्याखाली गेलं होतं, आणि पूर आला की रेल्वे आणि ए646 दोन्ही अडतात. दुसरा अर्धा दिवस हाताशी असेल तर हेब्डन ब्रिजहून कीलीकडे जाणारी बस हॉवर्थवरून जाते. ग्रिमशॉचं चर्च तिथलं, पण त्याच्या काळातला आता मनोराच उरला आहे, बाकी चर्च 1879 नंतर नव्याने बांधलं. त्याची कबर हॉवर्थला नाही, हॅलिफॅक्सच्या वाटेवरच्या लडेन्डनला आहे. दोन्ही ठिकाणं एकाच दुपारी साधत नाहीत. हॉवर्थ निवडलंत तर परतीच्या शेवटच्या बसची वेळ जातानाच चालकाला विचारून ठेवा, रविवारी ती वेगळी असते.