रेणू तेराचीच, मी सतराची: कादंबरीची प्रगती

गेल्या नोंदीनंतर कादंबरी कुठवर आली ते आधी सांगते. नववं प्रकरण हाताने लिहून झालंय. पहिली सहा मोबाइलवर टाइप झाली आहेत, सातवं अर्ध्यावर आहे आणि आठव्याला मी मुद्दाम हात लावलेला नाही. बारावीची प्रिलिम जवळ आल्यामुळे लिखाण रात्रीच होतं, तेही रोज नाही. पानं फारशी वाढली नाहीत, पण एक मोठा निर्णय झाला. तो सविस्तर मांडते, कारण आपल्यातले बरेच जण शाळेत असताना सुरू केलेलं काहीतरी अजून लिहीत आहेत आणि त्यांच्यासमोर हा प्रश्न आज ना उद्या येणारच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: कादंबरी 2020 सालातली आहे. गोष्ट सांगते ती नायगावच्या बीडीडी चाळीत राहणारी तेरा वर्षांची रेणू. तिचे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर आहेत, वडाळा डेपोला. टाळेबंदीत लोकल बंद होत्या, पण अत्यावश्यक कामावर जाणाऱ्यांसाठी बेस्टच्या बस चालू होत्या. म्हणजे अख्ख्या मजल्यावर रोज बाहेर जाऊन परत येणारा एकच माणूस, तो रेणूचा बाप. सामायिक नळ, सामायिक संडास, एकच लांब गॅलरी, आणि त्यातून रोज संध्याकाळी चालत येणारा हा माणूस. शेजारी त्याच्याशी कसे वागतात आणि रेणू त्याच्याशी कशी वागते, एवढीच गोष्ट आहे. मीही तशाच चाळीत, 160 चौरस फुटांच्या खोलीत वाढले आणि त्या वर्षी मीही तेराचीच होते. माझे बाबा मात्र कंडक्टर नाहीत. हे सांगते, कारण वाचणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो.

आता प्रश्न. पहिल्या चार प्रकरणांचा बराचसा मजकूर मी त्याच वर्षी लिहिलाय, आदल्या वर्षीच्या वह्यांच्या उरलेल्या पानांवर. तेव्हा मला कादंबरी वगैरे काही माहीत नव्हतं. रेणू नावाची एक मुलगी होती आणि ती बोलायची, मी लिहायचे. पाचव्या प्रकरणापासून पुढचं सगळं मी पंधरा ते सतरा या वयात लिहिलं. सलग वाचलं की सहाव्या-सातव्या प्रकरणात रेणू अचानक शहाणी होते. कथेत महिना-दीड महिनाच गेलेला असतो, पण मधल्या काळात माझी मात्र चार वर्षं गेलेली असतात.

हे स्वतःला पटवायला मी एकच प्रसंग दोन्ही वयांत ठेवून पाहिला. 12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईतली वीज गेली होती, सगळ्यांना आठवत असेल. तेव्हाच्या वहीत असं आहे:

«लाइट गेली. बाईंचा चेहरा अडकला, तोंड उघडंच. मग तोही गेला. सगळी चाळ बाहेर आली. तेवीस नंबरवाल्या काकू पण आल्या, मास्क न लावता. मला वाटलं करोना संपला.»

आणि हे अलीकडचं:

«वीज गेली आणि सहा-सात महिने दारांआड कोंडलेली माणसं गॅलरीत आली. ज्या काकूंनी बाबांना पाहून दार लावून घेतलं होतं, त्याही कठड्याला टेकून उभ्या होत्या. अंधाराच्या भीतीपेक्षा एकटेपणाची भीती मोठी असते, हे मला त्या दिवशी कळलं.»

दुसरं जास्त सफाईदार आहे. वाक्यं लांब टिकतात, काकूंचा संदर्भ बरोबर लागतो. पण त्यात शेवटी बोलणारी मुलगी तेरा वर्षांची नाही. तेराव्या वर्षी मला त्या दिवशी असलं काहीही कळलं नव्हतं. पहिल्या उताऱ्यात रेणूला फक्त दिसतं. काकू मास्क न लावता आल्या, एवढंच ती बघते, त्यामागचा अर्थ वाचणारा लावतो. «मला वाटलं करोना संपला» हे वाक्य आज मला सुचणार नाही. कितीही प्रयत्न केला तरी नाही, कारण करोना तसा संपत नाही हे मला आता माहीत आहे.

म्हणून निर्णय असा: जुन्या वहीतला रेणूचा आवाज तसाच राहणार. शुद्धलेखन आणि विरामचिन्हं सुधारीन, पण वाक्यं नाही. त्या वह्या माझ्यासाठी आता कच्चा खर्डा नाहीत, मूळ कागदपत्रं आहेत. पुढची प्रकरणं त्यांच्या मापाने लिहायची.

हे ठरवायच्या आधी दुसरा मार्गही खूप दिवस डोक्यात होता: मोठी झालेली रेणू मागे वळून सगळं सांगते, असं करायचं. त्यासाठी मी हरिभाऊ आपट्यांची «पण लक्षात कोण घेतो?» पुन्हा वाचली. हरिभाऊंनी 1890 मध्ये «करमणूक» साप्ताहिक सुरू केलं आणि ही कादंबरी त्यातच क्रमशः आली. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते आणि बाईच्या तोंडून, प्रथमपुरुषी लिहीत होते, हे मला दर वेळी थक्क करतं. यमू आपलं बालपण सांगते, पण सांगते ती सगळं भोगून झाल्यावर. मुंबईतल्या संसाराचे सुखाचे दिवस सांगताना तिला पुढे काय वाढून ठेवलंय ते माहीत असतं, आणि त्या माहितीचं ओझं साध्या-साध्या वाक्यांवर पडतं. नवऱ्याशी चाललेलं हसतं-खेळतं बोलणं वाचतानाही पोटात कालवतं. मोठ्या निवेदकाची ताकद ती हीच. लहानपणच्या यमूला न दिसलेलं मोठी यमू दाखवू शकते.

पण माझ्या गोष्टीला ही ताकद नको आहे. रेणूचं सगळं नाट्य पुढे काय होईल हे माहीत नसण्यातच आहे. बाबा आज परत येतील का, आले तर त्यांच्याजवळ जायचं की नाही, हे ती दर संध्याकाळी नव्याने ठरवते. मोठी रेणू हे सांगायला लागली, तर बाबा वाचले की नाही हे तिच्या पहिल्याच वाक्याच्या सुरावरून कळेल. «कोसला»चं गणित आणखी वेगळं: नेमाडे पंचविशीत असताना, 1963 साली ती आली आणि तिचा निवेदकही पंचविशीतलाच. लिहिणारा आणि सांगणारा एका वयाचे असले की भाषा आपोआप जुळत असेल. माझं ते वय निसटून गेलंय. उरल्या आहेत त्या वह्या, म्हणून मी त्यांना इतकी जपते.

मग सतरा वर्षांच्या मीने तेराची रेणू पुढे लिहायची कशी? सध्या एका वेगळ्या वहीत प्रत्येक प्रकरणासाठी दोन रकाने आखते. एकात त्या तारखेपर्यंत रेणूला काय माहीत आहे, दुसऱ्यात घरातल्या मोठ्यांना काय माहीत आहे. दुसऱ्या रकान्यातलं काहीही रेणूच्या तोंडी जाऊ द्यायचं नाही. ते दुसऱ्याच कुणाच्या बोलण्यातून, अर्धवट, दाराआडून तिच्या कानावर पडलं तरच चालेल. आठवं प्रकरण त्यासाठीच थांबलंय. त्यात बाबांच्या डेपोतल्या एकाला करोना होतो आणि आई-बाबा ते रेणूपासून लपवतात. रेणूला फक्त एवढंच दिसतं की त्या रात्री बाबांची चटई गॅलरीत घातली गेली.

तारखांसाठी माझा मोठा आधार म्हणजे आजीने जपून ठेवलेलं 2020 चं कालनिर्णय. आजी कॅलेंडर टाकत नाही. चौकटींमध्ये दुधाचा हिशेब, सिलेंडर कधी लावला, कुणाला किती दिले, सगळं असतं. ज्यांची गोष्ट एखाद्या ठरावीक वर्षात घडते त्यांनी त्या वर्षीचं कॅलेंडर जरूर शोधावं, आणि घरचंच मिळालं तर सोन्याहून पिवळं. 3 जूनला निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकलं, तो दिवस माझ्या चौथ्या प्रकरणात आहे. 22 ऑगस्टला गणपती. त्या वर्षी लालबागच्या राजाची मूर्ती बसली नव्हती, मंडळाने आरोग्योत्सव केला होता. रेणूच्या घरच्या गणपतीचा प्रसंग मी त्याच सुतकी शांततेत घेतलाय.

पण सगळ्यात मोठा ठेवा मिळाला तो अधिक महिना. 2020 मध्ये अधिक आश्विन होता, म्हणून पितृपक्ष संपल्यावर लगेच नवरात्र बसलं नाही, तब्बल एक महिना मध्ये गेला आणि घट बसले 17 ऑक्टोबरला. वीज गेली तो दिवस या जादा महिन्यातला. मी आजीला विचारलं, तुला आठवतं का? ती म्हणाली, «आठवता तर! अधिक म्हयनो इल्लो ना गो. देवीक पण थांबूक लागला.» हे वाक्य मी जसंच्या तसं रेणूच्या आजीला देऊन टाकलं. माझी पाचवी ते सातवी प्रकरणं आता याच थांबलेल्या महिन्यात घडतात. आधी ती सप्टेंबरभर पसरली होती आणि त्यांना काही आकारच नव्हता.

टाइप करण्याबद्दल दोघा-तिघांनी विचारलं होतं. निवेदन मी मोबाइलवर बोलून टाइप करते, वेळ खूप वाचतो. संवाद मात्र बोटांनीच. बोलून टाइप केलं की आजीची मालवणी प्रमाण मराठीत ओढली जाते आणि मग ती आजी राहत नाही. रेणूच्या मजल्यावर घाटावरच्या बायका आहेत, मालवणी आहेत, एक हिंदीत बोलणारं कुटुंब आहे. प्रत्येकाच्या बोलण्याची ढब वेगळी आली नाही तर ती चाळच होत नाही. बाबांच्या कामासाठी मी ओळखीच्या एका निवृत्त कंडक्टर काकांकडे जाऊन बसले. वेबिल कसं भरतात, ड्युटी सुटल्यावर पैशांचा भरणा कसा होतो, पहिल्या पाळीला पहाटे घर कधी सोडावं लागतं, हे त्यांनी इतक्या मनापासून सांगितलं की बाबांचं पात्र दोन प्रकरणं पुढे सरकलं. ज्याचं काम लिहायचंय त्याला जाऊन विचारा. माणसांना आपल्या कामाबद्दल बोलायला खूप आवडतं आणि सहसा त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

वाचनाबद्दलही थोडं, कारण लिहिण्याचं मूळ मला तिथेच सापडतं. दहाव्या-अकराव्या वर्षी मी नुसती पुढे काय झालं यासाठी वाचायचे. चाळीतून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर. 1898 पासूनची ही संस्था आपल्या पायाखालच्या गल्लीत आहे, याचं मला आजही अप्रूप आहे. पुस्तक आणायचं, एका बैठकीत संपवायचं, बदलून आणायचं. टाळेबंदीत वाचनालयं बंद झाली आणि घरात होती तेवढीच पुस्तकं उरली. तीच पुन्हा, मग परत. शेवट पाठ झाल्यावर पुढे काय होणार ही ओढ संपली आणि लेखकाने हे केलं कसं हे दिसायला लागलं. हा माणूस पहिल्या पानावरच का येऊन गेला, ही चिठ्ठी टेबलावर कुणी ठेवली, मुलगी रडली असं न लिहिताही मला ते कसं कळलं. मी तेव्हाच लिहायला लागले आणि तो योगायोग होता असं मला वाटत नाही. म्हणून नव्याने लिहू पाहणाऱ्याला मी नवं पुस्तक सुचवत नाही, आवडलेलं एखादं तिसऱ्यांदा वाच म्हणते.

लिहायला जागा हा प्रश्न मात्र त्या वयात मोठा होता. एका खोलीत पाच माणसं, वही कुठेही ठेवली तरी कुणीतरी उघडणार. मी इतिहासाच्या पुस्तकाचं कव्हर घालून ठेवायचे. एकदा आईने ती वाचली. त्यात रेणू तिच्या आईबद्दल बरंच वाईट लिहिते, मला वाटलं आता संपलं. आई काही बोलली नाही. दोन दिवसांनी भाजी निवडताना म्हणाली, रेणूची आई संध्याकाळी खिडकी का लावून घेते ते तुझ्या रेणूला माहीतच नाही. मग तिने कारण सांगितलं. ते माझ्या दुसऱ्या रकान्यातलं पहिलं वाक्य आहे, रकाना आखायच्या खूप आधीचं. आज मी रेणूच्या आईला रेणूपेक्षा जास्त ओळखते, आणि मोठं होणं माझ्यासाठी मुख्यतः तेवढंच आहे. ते रेणूला कळू न देता पानावर आणायचं, हे या कादंबरीतलं सगळ्यात कठीण काम आहे आणि सगळ्यात आवडतंही.

रोज हजार शब्द लिहा हा सल्ला खूप ठिकाणी वाचायला मिळतो. कॉलेज, क्लास आणि घर सांभाळणाऱ्यांना मी तो देणार नाही. माझ्याकडून काही दिवस एक परिच्छेद होतो, काही दिवस नुसता रकाना भरतो. कादंबरी पुढे जाते.

पुढचं काम ठरलंय. आधी सातवं पूर्ण करायचं, त्यात बाबांची रात्रपाळी आणि अधिक महिन्यातला तो सोमवार एकत्र येतात. मग आठवं. परीक्षा संपेपर्यंत नववं टाइप होणार नाही. एक मदत हवी आहे: 12 ऑक्टोबर 2020 ला परळ, लालबाग, नायगाव, वडाळा या भागात राहणारं कुणी असेल, तर तुमच्या इमारतीत वीज साधारण किती वाजता परत आली आणि आल्यावर लोकांनी आधी काय केलं, ते सांगा. आमच्या घरात यावर चार मतं आहेत, आणि कालनिर्णयच्या त्या चौकटीत आजीने फक्त अर्ध्या लिटरची खूण केली आहे.