कॉफी मागताना काय सांगावं लागतं?

मी स्पॅनिश शिकवते. स्पेनला निघालेले विद्यार्थी हमखास एक प्रश्न विचारतात: "तिकडे कॉफी मागायची कशी?" तुम्हीही तेच विचारलंत. वाक्य अगदी सोपं आहे. आत शिरताना 'बुएनास' म्हणायचं, मग 'मे पोनेस उन कोर्तादो'. थोडंसं दूध घातलेली छोटी कॉफी समोर येते. जास्त दूध हवं असेल तर 'कोर्तादो'च्या जागी 'काफे कोन लेचे'.

पण वाक्य पाठ असूनही माणसं काउंटरवर गोंधळतात, ती वेगळ्याच कारणाने. कॉफीबद्दल कुठली गोष्ट तोंडाने सांगायची आणि कुठली तिथल्या लोकांनी आधीच ठरवून टाकली आहे, हे देशागणिक बदलतं. कधी कधी शहरागणिकही.

इटलीत सगळं ठरलेलंच असतं. बारमध्ये (तिथे कॉफीच्या दुकानालाच बार म्हणतात) 'उन काफे' एवढंच म्हणायचं, की जेमतेम 25-30 मिलिलिटर एस्प्रेसो येते. केवढी, कुठली, दूध हवं का, असं कुणी विचारत नाही. बहुतेक जण काउंटरशी उभ्याउभ्याच पिऊन निघतात. टेबलाशी बसलात तर बऱ्याच ठिकाणी त्याच कपाचे जास्त पैसे पडतात. गर्दीच्या बारमध्ये, विशेषतः स्टेशनवर, आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यावी लागते आणि ती काउंटरवर दाखवावी लागते. हे माहीत नसलेला माणूस, भाषा कितीही चांगली बोलत असला तरी, चुकीच्या जागी उभा राहतो. अमेरिकेतून आलेल्यांना हे विशेष अवघड जातं, कारण तिथे पहिला प्रश्न असतो तो आकाराचा. आणि अमेरिकेतही बॉस्टनच्या बाजूला 'रेग्युलर' मागितली, तर जुन्या पद्धतीप्रमाणे तिच्यात क्रीम आणि साखर घालूनच मिळते.

तुर्कस्तानात मात्र साखर आधी सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, आणि त्याला कारण आहे. तिथे पिठासारखी बारीक दळलेली कॉफी, पाणी आणि साखर असं सगळं एकत्रच लांब दांड्याच्या 'जेझ्वे'मध्ये चढवतात. कपात आल्यावर साखर घालून ढवळलं तर तळाशी बसलेला गाळ वर येणार. म्हणून ऑर्डर देतानाच बोलायचं: बिनसाखरेची 'सादे', मध्यम गोड 'ओर्ता', गोड 'शेकेर्ली'. ग्रीसमध्ये कृती तीच, त्यामुळे प्रश्नही तोच. उत्तरं तेवढी 'स्केतो', 'मेत्रियो' आणि 'ग्लिको'. 1974 मध्ये तुर्की सैन्य ग्रीक आणि तुर्की अशी दोन्ही वस्ती असलेल्या सायप्रस बेटावर उतरलं आणि त्यानंतर ग्रीसमध्ये 'तुर्की कॉफी' हे नाव मागे पडून 'ग्रीक कॉफी' रूढ झालं. राजकारणाने नाव बदललं, साखरेचा प्रश्न जागच्या जागी राहिला. मागण्याच्या रीती अशा चुलीपाशी घडतात, असं माझं मत आहे, आणि मालागाचं उदाहरण त्याला आणखी बळ देतं.

दक्षिण स्पेनमधल्या या शहराबद्दल मी वर्गात जरा जास्तच बोलते. यादवी युद्धानंतरच्या वर्षांत तिथे कॉफीची टंचाई होती. दुधाचं प्रमाण मनासारखं नाही म्हणून गिऱ्हाइकं कप परत करत, आणि महागाची कॉफी वाया जाई. तेव्हा 'काफे सेंत्राल'च्या मालकांनी प्रमाणांना नावं देऊन टाकली. बरोबर अर्धी-अर्धी ती 'मिताद'. दूध जास्त, कॉफी कमी ती 'सोंब्रा', म्हणजे सावली. दुधात नुसता कॉफीचा स्पर्श असेल तर 'नुबे', म्हणजे ढग. हे सगळे पेले रंगवलेल्या फरशांवर काढून भिंतीवर लावले होते. शेवटचा पेला रिकामा, आणि त्याखाली 'नो मे लो पोंगा', मला देऊच नका! ते दुकान 2022 मध्ये बंद झालं, पण नावं शहरात सगळीकडे चालू आहेत. मला ही फार सुंदर सोय वाटते. एकही कप फुकट न घालवण्याच्या गरजेतून अख्ख्या शहराला मोजमापाची भाषा मिळाली. मालागाबाहेर मात्र 'नुबे' मागून कॉफी मिळेलच असं नाही.

सिंगापूरची पद्धत इटलीच्या अगदी उलट. तिथल्या कोपीतियाममध्ये, म्हणजे कॉफीच्या साध्या दुकानात, नुसतं 'कोपी' म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क घातलेली गोड कॉफी येते. दूध नको असेल तर ते सांगावं लागतं: 'कोपी ओ'. साखरही नको? 'कोपी ओ कोसोंग'. बर्फ हवा असेल तर पुढे 'पेंग'. या एका ऑर्डरमध्ये 'ओ' आणि 'पेंग' हॉक्कियन या चिनी बोलीतले आहेत आणि 'कोसोंग' मलय. वेगवेगळ्या भाषांची माणसं एकाच काउंटरवर येत राहिली म्हणून हे झालं. 'सी' जोडलं तर कंडेन्स्डऐवजी साखर नसलेलं आटीव दूध. इथे गप्प राहणाऱ्याला गोड मिळतं, इटलीत गप्प राहणाऱ्याला काळी.

उरला प्रश्न अदबीचा. 'मे पोनेस', म्हणजे 'मला देतोस का', हे विद्यार्थ्यांना उद्धट वाटतं. स्पेनमध्ये ते मुळीच उद्धट नाही; सूर आणि सुरुवातीचा नमस्कार पुरतो. फ्रान्समध्ये तर त्या नमस्कारावाचून चालतच नाही. 2013 मध्ये नीसमधल्या एका कॅफेने पाटीच लावली होती: नुसतं 'एक कॉफी' म्हटलं तर 7 युरो, 'कृपया' जोडलं तर 4.25, आणि आधी 'बोंझूर' म्हणून मागितली तर 1.40. पाटी गमतीची होती, पण तिच्यातली अपेक्षा खरी आहे. कोलंबियात लोक याहून हळुवार बोलतात: 'मे रेगाला उन तिंतो?', शब्दशः 'मला एक काळी कॉफी भेट देता का?' पैसे अर्थातच द्यायचे असतात. पण हेच वाक्य माद्रिदमध्ये म्हटलं तर समोर रेड वाइनचा ग्लास येईल, कारण तिथे 'तिंतो' म्हणजे ती. म्हणून कोलंबियाच्या राजधानीला, बोगोटाला, निघालेल्यांना मी वेगळं वाक्य लिहून देते.