एटना: लाव्हाचे वय वाचायला शिकण्याचा एक दिवस

इटलीच्या सिसिली बेटावरील एटना हा ज्वालामुखी पाहायला जाणारे बहुतेक प्रवासी एकच प्रश्न विचारतात: किती उंचीपर्यंत जाता येते? सप्टेंबरच्या उत्तरार्धात आम्ही गेलो तेव्हा आमच्याही मनात तोच प्रश्न होता. परंतु त्या दिवशी शिखराजवळच्या विवरांकडे जाण्यास मनाई होती, आणि त्यामुळे वाटाड्यासोबत डोंगराच्या मधल्या उतारांवर जी सात-आठ तासांची भटकंती घडली, तीच मी आता इतरांना सुचवतो.

पायथ्याच्या कातानिया शहरातून सकाळी साडेआठला निघालेली आमची लहान गाडी निकोलोसी गावावरून वर चढू लागली, तेव्हा वाटाड्याने पहिली सूचना केली की डोंगराकडे नव्हे, रस्त्याच्या कडेकडे पाहा. प्रत्येक लाव्हाप्रवाहाचा रंग वेगळा असतो. नवा प्रवाह काळाभोर असतो. काही दशकांनी त्यावर करडे दगडफूल चढते आणि तो लांबून राखाडी दिसू लागतो. पुढे खाचांमध्ये गवत आणि काटेरी झुडपे येतात, आणि काही शतकांनंतर एटनाचे पिवळ्या फुलांचे जेनिस्टा वृक्ष तेथे उभे राहतात. अर्थात उंची वाढली की ही सगळी वाटचाल मंदावते, त्यामुळे खालच्या आणि वरच्या प्रवाहांची सरळ तुलना करता येत नाही. तरीही दुपारपर्यंत आम्ही खिडकीतून पाहून शतकाचा अंदाज बांधू लागलो होतो, आणि बहुतेक वेळा चुकत होतो.

पहिला थांबा सुमारे 1900 मीटर उंचीवरील सिल्वेस्त्री विवरांचा. ही विवरे 1892 च्या उद्रेकात तयार झाली. एटनाचे उद्रेक केवळ शिखरावर होत नाहीत. शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, बाजूच्या भेगेतून फुटतो, तेव्हा उतारावर अशा शंकूंची रांग उभी राहते आणि संपूर्ण डोंगरावर असे शेकडो शंकू आहेत. विवराचा काठ तांबूस दिसतो, कारण तप्त अवस्थेत त्यातील लोहाचे ऑक्सिडीकरण झालेले असते. येथून केबल कार 2500 मीटरपर्यंत जाते आणि पुढे मोठ्या चाकांच्या बसगाड्या 2002-03 मध्ये तयार झालेल्या बार्बागालो विवरांकडे नेतात. हा प्रवास महाग आहे, गर्दीचा आहे, आणि ढग आले तर वर गेल्यावर केवळ पांढरा पडदा दिसतो. तिकीट काढण्यापूर्वी वरचे आकाश पाहून घ्यावे.

आम्ही मात्र ‘स्किएना देल आसिनो’, म्हणजे गाढवाची पाठ, या नावाच्या पायवाटेने तासाभराची चढण चढून वाल्ले देल बोवेच्या कडेवर पोहोचलो, आणि तेथे बराच वेळ कोणी बोलले नाही. सुमारे सात किलोमीटर लांब आणि पाच किलोमीटर रुंद असा हा घोड्याच्या नालेच्या आकाराचा खोलगट भाग जुन्या ज्वालामुखीचा उतार कोसळल्याने बनला आहे. त्याच्या कड्यांमधून उभ्या पातळ भिंती बाहेर डोकावतात. भेगांत थिजलेला तो शिलारस आसपासच्या मऊ थरांपेक्षा कठीण असल्यामुळे टिकून राहिला आहे. तळाशी अलीकडच्या प्रवाहांच्या काळ्या जिभा एकमेकींवर पसरलेल्या दिसतात. सह्याद्रीत बेसाल्टचे आडवे थर पाहत वाढलेल्या माणसाला खडक ओळखीचा वाटतो, फक्त येथे तो कालपरवाचा आहे. वाटेवरच्या काटेरी गोल झुडपांना स्थानिक लोक ‘स्पिनो सांतो’ म्हणतात. पाय घसरला तरी त्यांना धरू नये, हा माझ्या तळहाताचा अनुभव आहे.

दुपारी हेल्मेट घालून कासोने गुहेत उतरलो. 1792 मध्ये सुरू झालेल्या उद्रेकात प्रवाहाचा पृष्ठभाग आधी थिजला, आतील लाव्हा पुढे वाहून गेला आणि ही पोकळ नळी मागे राहिली. आत थंडी असते आणि छत खरबरीत असते; हेल्मेट केवळ शोभेसाठी नाही, हे दोन मिनिटांत कळते.

शेवटचा थांबा झाफेराना गावाजवळचा. डिसेंबर 1991 मध्ये सुरू झालेला उद्रेक 473 दिवस चालला. लाव्हा गावाच्या दिशेने सरकत असताना अभियंत्यांनी आधी मातीचे बांध घातले. ते ओलांडले गेल्यावर मे 1992 मध्ये वर, उगमाजवळ, स्फोटके लावून प्रवाहाची नैसर्गिक नळी फोडली आणि लाव्हा दुसरीकडे वळवला. प्रवाहाचे टोक गावापासून एक किलोमीटरच्या आत थांबलेले आहे.

आता जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. घोट्यापर्यंत येणारे बूट आणि पूर्ण लांबीची विजार हवीच. ज्वालामुखीचा मुरूम काचेसारखा धारदार असतो आणि बुटात शिरतोच. कातानियात घाम येत असला तरी वर वारा बोचरा असतो. मी जाड कपडे गाडीतच ठेवले आणि कडेवर अर्धा तास कुडकुडत उभा राहिलो. पाणी सोबत न्यावे, कारण सच्छिद्र खडकात पाणी साठत नाही आणि वाटेवर झरे नाहीत. दमा असणाऱ्यांनी शिखराकडील वायूंबाबत आधी विचारून घ्यावे. स्वतःच्या वाहनाशिवाय जाणाऱ्यांना कातानियाहून सकाळी केबल कार जिथून सुटते त्या रिफुजो सापिएन्झा या ठिकाणापर्यंत बस मिळते, पण फेऱ्या फार कमी असल्याने परतीची वेळ आदल्या दिवशीच पक्की करावी.

उंचीची मर्यादा धोक्याच्या पातळीनुसार बदलत असते. वाटाड्याने मागे फिरायला सांगितले, तर वाद घालू नये: 1979 मध्ये बोका नुओवा विवरातील अचानक स्फोटात नऊ पर्यटक मृत्युमुखी पडले, आणि 16 मार्च 2017 रोजी बर्फावर आलेल्या लाव्हामुळे झालेल्या स्फोटात अनेक जण जखमी झाले. राखेमुळे कातानियाचा विमानतळही कधीकधी बंद होतो, म्हणून एटनाची सहल परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ठेवू नये.

एक दिवस हाताशी राहिलाच, तर कातानियातील कास्तेल्लो उर्सिनो पाहावा. तेराव्या शतकात समुद्रकाठी बांधलेल्या या किल्ल्याला 1669 च्या लाव्हाने वेढा घातला आणि किनारा पुढे ढकलला. आज समुद्र तेथून दिसत नाही, पण तटाच्या पायथ्याशी तो काळा दगड अजून आहे.